जाळ्यात कासव आलं तर

आज बंदरावर तांडेल (बोटीचे प्रमुख), खलाशी आणि सागरी जीवशास्त्रज्ञ एकत्र बसले. सगळ्यात जास्त बोलणं झालं ते निपचित पडलेल्या कासवावर. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात त्याला श्वासासाठी वर येता येत नाही, ते गुदमरतं. हलत नाही म्हणून मेलं समजून लगेच पाण्यात टाकलं, तर ते खरोखरच बुडतं.

पोटावरच ठेवा, मागचा भाग निदान 15 सेंटिमीटर उंच. फुप्फुसातलं पाणी निथळतं. सावली हवी, पाठीवर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या. शुद्धीवर यायला 4 ते 24 तास लागू शकतात. तेवढा धीर धराच! उचलताना कवचाला धरा, पायांना नाही. सोडताना इंजिन न्यूट्रलला आणि जाळं बोटीवर.

व्हेल शार्क आला तर जाळंच कापायचं. महाराष्ट्रात डिसेंबर 2018 पासून संरक्षित प्राण्यासाठी कापलेल्या जाळ्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण सुटकेचे फोटो-व्हिडिओ लागतात. एकाच्या हातात सुरी असताना फोन कोण धरणार, हे निघण्याआधीच ठरवा. शास्त्रज्ञांनाही कुठला प्राणी, कुठे, कुठल्या जाळ्यात अडकला, हे त्यातूनच कळतं.