पावसाळ्यात पनवेल ते झाराप : मुंबई-गोवा महामार्गावरचा माझा अनुभव

मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला की गाडी खड्ड्यांवर येऊन थांबते. खड्डे आहेतच, पण मी जास्त जपतो ते जोडांना. चौपदरी काँक्रीट संपून बॅरल लावलेलं वळण सुरू होतं, ती जागा म्हणजे जोड. आधीच्या मोकळ्या पट्ट्यात पायाला ऐंशी-नव्वदची सवय लागलेली असते आणि पुढच्या शंभर मीटरांत समोरून येणारी वाहनं आपल्याच रस्त्यावर येतात. फलक बहुतेक वेळा वळणाच्या तोंडाशी असतो, तोही चिखलाने माखलेला. काम सरकतं तसे जोडही सरकतात, त्यामुळे गेल्या गणपतीची आठवण यंदा भरवशाची नाही. इंदापूर-माणगावचे रखडलेले बायपास आणि आरवली, कांटे, वाकेड हा पट्टा यांनी तर वर्षानुवर्षं वाट पाहायला लावली. या टापूत शिरण्याआधीच मी साठवर येतो. बॅरल दिसल्यावर ब्रेक मारला तर मागचा ट्रक आपल्यासाठी थांबेलच असं नाही.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते, कारण टायर बदलायचे निघाले तर आदल्या दिवशी ते मनासारखे मिळत नाहीत. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण कोकणातल्या पावसाला ती पुरत नाही. टायरखालचं पाणी बाहेर फेकायला खाचा खोल लागतात. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी बदलतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या काँक्रीटवर घसरतं. हवा गार टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरायची. गाडी भरलेली असेल तर त्याच पट्टीवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असतो. ‘पावसात ग्रिप मिळते’ म्हणून हवा कमी ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याने उलटंच होतं, गाडी पाण्यावर लवकर तरंगते आणि खड्ड्यात रिम वाकते. स्टेपनीतली हवा तपासायला मात्र सगळेच विसरतात.

वायपरची रबरं दर पावसाळ्याआधी नवी घालतो. काच आतून पुसणं तितकंच महत्त्वाचं, कारण आतल्या तेलकट थरावर समोरच्या दिव्यांचा प्रकाश पसरतो. डिकीत त्रिकोणी फलक, टॉर्च, टोचन दोरी आणि फूटभर लांबीची जाड फळी. साइडपट्टीवरच्या मऊ मातीत जॅक थेट टेकवला की खचतो, फळीवर टिकतो.

गणपतीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुढच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन बसू नये. एअरबॅग उघडली तर मूर्ती आणि माणूस दोघांवरही आदळते. मूर्ती खोक्यात बसवून, खोकं मागच्या सीटवर पट्ट्याने आवळून न्यावं. मागच्या माणसांनीही पट्टा लावायचाच. मोकळं शरीर धडकेत पुढच्या सीटवर जाऊन आपटतं.

मी पहाटे पाचच्या सुमारास पनवेल सोडतो. रात्री कामावरून सुटून थेट निघायचं आणि उजाडताना कोकणात पोचायचं, ही पद्धत लोकप्रिय आहे, पण दोन ते पाच या वेळेत झोप सगळ्यात जड असते. ऐंशीच्या वेगात तीन सेकंद डोळा लागला की गाडी सहासष्ट मीटर बेवारस धावते. चहाने भागत नाही. दर दोन तासांनी थांबायचं आणि पापण्या जड झाल्या तर पेट्रोल पंपावर वीस मिनिटं झोपायचं.

रात्री जायची वेळ आलीच तर हिशेब सोपा आहे. डिपरवर जेमतेम पन्नास-साठ मीटर दिसतं. ऐंशीने जाताना समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे तेहतीस मीटर. पुढे ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नास लागतात. साठच्या वेगात हीच बेरीज साधारण त्रेपन्नवर येते. म्हणून पावसाळी रात्री साठ. त्यात काँक्रीट कोरडं-उबदार मिळालं की गुरं तिथेच बसकण मारतात, आणि काळ्या म्हशीच्या पाठीवर कुणी रिफ्लेक्टर लावत नाही. लांबचा यू-टर्न टाळण्यासाठी कडेने उलटे येणारे बिनदिव्यांचे दुचाकीवालेही असतात. दुभाजकाला कट दिसला की तिथून कुणीतरी निघणार असंच धरून चालायचं.

साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर टायर रस्ता सोडून तरंगताहेत असं समजावं. अशा वेळी ब्रेक नको, झटका नको. अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं, क्षणात पकड परत येते. क्रूझ कंट्रोल पावसात बंदच ठेवायचा. खड्डा चुकवता येणार नसेल तर त्याच्या आधी ब्रेक मारून, चाक आत पडताना पाय काढून घ्यावा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच बसलेलं असतं आणि सगळा मार टायरच्या बाजूवर येतो.

पोलादपूरनंतर कशेडी. आता बोगद्यामुळे वळणं वाचतात, पण बोगद्याची स्वतःची खोड आहे. तोंडाशी पोचण्याआधी दिवे लावायचे, गॉगल काढायचा, आत ओव्हरटेक करायचं नाही. बाहेर पडताना पाऊस काचेवर एकदम आदळतो आणि दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, म्हणून वायपर आतच सुरू करतो. दमट हवेत काच धूसर झाली तर धुकं आत आहे की बाहेर ते बोटाने पाहावं. आत असेल तर एसी चालू ठेवून झोत काचेवर, हवा बाहेरची. बाहेर असेल तर काच जास्त गार झाली आहे, तेव्हा वायपर मारायचा आणि तापमान वाढवायचं.

खेडजवळचा भोस्ते घाट आणि पुढचा परशुराम घाट उतरताना गाडी गिअरवर धरायची. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर टाकून. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ते तापतात, जळका वास येतो आणि नेमक्या शेवटच्या वळणावर पेडल खोल जातं. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, नियमही तोच आहे. डोंगर कापलेल्या ठिकाणी चहा-फोटोसाठी थांबू नये. बारीक खडे घरंगळताना दिसले, दरडीतून अचानक गढूळ पाणी येऊ लागलं किंवा खांब कलले दिसले, की तिथून आधी निघायचं.

पुलांच्या बाबतीत मी हट्टी आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसही गेल्या. अंधारात पुढचा रस्ता नाहीसा झालाय हे कळायला काही मार्ग नव्हता. जगबुडी किंवा वाशिष्ठी फुगली असेल तर आधी भरतीची वेळ पाहतो. वरचं पाणी आणि भरती एकत्र आली की खेड-चिपळूणला ते पटकन ओसरत नाही. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालत नाही. साचलेल्या पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात शिरलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं. गाडी ढकलूनच बाहेर काढायची.

वाट अडलीच तर कुंभार्ली किंवा आंबा घाटातून देशावर चढून जाता येतं, पण त्या दिवशीची स्थिती विचारूनच. वरंध घाट पावसाळ्यात गृहीतच धरत नाही.

पंक्चर वळणावर झालं तर रिम गेली तरी चालेल, हळूहळू सरळ जागी न्यावी. हजार्ड दिवे थांबल्यावरच लावायचे. चालत्या गाडीत लावले की मागच्याला वळणाचा इशारा कळत नाही. फलक पन्नास मीटर मागे, घाटात वळणाच्याही अलीकडे. माणसं दुभाजकाकडे नव्हे, रस्त्याच्या बाहेर उभी करावीत. नट आधी सैल करायचे, मग जॅक. अपघात दिसला तर ११२, महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिकेला १०८. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे.

हातखंब्यापासून खाली प्रवास सुटसुटीत होत जातो, कणकवलीनंतर तर रस्ता मोकळाच. तिथेच लोक वेळ भरून काढायला जातात. परतीच्या आधी चाकांच्या आतल्या बाजूचा लाल चिखल पाण्याने धुवून घ्यावा. तो रिमवर एका बाजूला वाळला की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस विनाकारण अलाइनमेंटचे पैसे मोजतो.