आमची वाटचाल : तड्याच्या टोकाच्या मागावर

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला फक्त चाचणीयंत्रांची जिग आणि फिक्श्चर, म्हणजे नमुना पकडून ठेवणारी साधने, तयार होत असत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील फायबरग्लासचे कारखानदार ती घेत आणि चाचण्या बाहेरून करवून घेत. पुढे त्यांच्यापैकीच काहींनी 'चाचणीही तुम्हीच करून द्या' असा आग्रह धरला, तेव्हा एक जुने यूटीएम (नमुना ओढून, दाबून वा वाकवून त्याची ताकद मोजणारे यंत्र) घेऊन आम्ही या कामात उतरलो.

ताणाच्या आणि वाकविण्याच्या चाचण्या लवकरच अंगवळणी पडल्या. खरा कस लागला तो कार्बन फायबर लॅमिनेटचे, म्हणजे रेझिनने जोडलेल्या कार्बन तंतूंच्या थरांच्या पत्र्याचे, थर सुटण्याच्या चाचणीत. एएसटीएम डी ५५२८ या चाचणी-मानकानुसार २० ते २५ मिमी रुंद पट्टीत, थर रचतानाच, जाडीच्या मध्यावर एका टोकाकडून जास्तीत जास्त १३ मायक्रॉन जाडीची फिल्म ठेवतात, म्हणजे तडा तिथून सुरू होतो, आणि त्या टोकाला बिजागऱ्या चिकटवून पट्टीची दोन्ही पाती एकमेकांपासून दूर ओढतात. बल आणि उघडीप यंत्र नोंदवते. तड्याचे टोक मात्र आपल्यालाच शोधावे लागते, आणि त्याची लांबी भंगऊर्जेच्या (तडा पुढे सरकवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) सूत्रात छेदस्थानी असल्यामुळे तिथला फरक सरळ निकालात उतरतो.

यासाठी पट्टीच्या कडेला व्हाइटनरचा पातळ हात देऊन पहिल्या ५ मिमीपर्यंत दर मिलिमीटरला रेघ आखतात. हात जाड पडला की व्हाइटनरचा पापुद्रा स्वतःच्या मर्जीने फुटतो आणि मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाचा डोळा फसतो. म्हणून हे काम आमच्याकडे आजही ठरावीक हातांकडेच आहे. त्यातही कडेला दिसणारे टोक म्हणजे संपूर्ण टोक नव्हे, कारण वाकताना पाती रुंदीच्या दिशेनेही किंचित वळतात आणि तडा मध्यभागी पुढे, कडांना मागे राहतो.

तडा पुढे सरकतो तसे काही तंतू दोन्ही पात्यांत अडकून त्यांना धरून ठेवतात, आणि भंगऊर्जा वाढत गेल्यासारखी दिसते. सगळे तंतू एकाच दिशेला असलेल्या पट्टीचा हा गुण आहे. प्रत्यक्ष भागात वेगवेगळ्या दिशांच्या थरांमध्ये तो तसाच मिळेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून तडा सुरू होतानाचा आकडा आम्ही महत्त्वाचा मानतो. एका ग्राहकाला माहितीपत्रकासाठी केवळ मोठा आकडा हवा होता. अहवालात आम्ही दोन्ही दिले आणि ते काम पुढे दुसरीकडे गेले. त्याची आम्हाला फारशी खंत नाही.

आता मायक्रोस्कोपच्या जोडीला कॅमेरा आहे. कडेवर बारीक ठिपके फवारून त्यांच्या सरकण्यावरून टोकाभोवतीची विकृती मोजता येते आणि शंका आल्यास चित्रे पुन्हा तपासता येतात. अलीकडे घसरून थर सुटण्याची, एएसटीएम डी ७९०५ या मानकाची चाचणीही सुरू केली आहे. तिथे तडा उघडतच नसल्याने कडेकडे पाहून फारसे हाती लागत नाही. म्हणून २० व ४० मिमी तडालांबीवर पट्टीची लवचिकता आधी मोजून घेतो आणि मगच ३० मिमीवर तडा पुढे सरकेपर्यंत भार देतो.