लांडगा कोळी आणि पाठीवरची पिल्ले : पावसाळ्यातील नोंदी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या घराभोवती, म्हणजे अंगण, परसू, न्हाणीघराची मोरी आणि मागच्या बांधापलीकडचे भातशेत एवढ्या टापूत, लांडगा कोळ्यांच्या, म्हणजे बहुधा जाळे न विणता जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या, नोंदी ठेवण्याचे काम यंदाही मृगाच्या पावसाबरोबर सुरू झाले. गेल्या पावसाळ्यात मी दिसलेल्या सगळ्याच कोळ्यांची मोजदाद करीत होते. यंदा मात्र अंड्यांची पिशवी ओढणाऱ्या आणि पिल्ले पाठीवर घेतलेल्या माद्यांवरच लक्ष ठेवायचे ठरवले, कारण जमीन पाण्याने भरली की याच माद्या उंबरठा ओलांडून घरात येतात आणि नेमक्या याच अवस्थेत झाडूखाली सापडतात.

नव्याने नोंदी ठेवणाऱ्यांसाठी प्रथम ओळखीविषयी लिहिते. पिशवी कुठे धरली आहे हे पाहिले की निम्मे काम होते. लांडगा कोळ्याची मादी आपली गोल पिशवी पोटाच्या मागच्या टोकाला, धागा निघतो त्या अवयवांना चिकटवून नेते. रात्री भिंतीवर पाय पसरून बसलेला मोठा, चपटा कोळी आपली पिशवी छातीखाली धरतो आणि तीही चपटी असते. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, काडीसारख्या लांब पायांचा कोळी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरतो. या शेवटच्या दोघांपैकी कोणाचीही पिल्ले आईच्या पाठीवर चढून फिरत नाहीत. शंका उरलीच तर भिंगातून डोळे पाहावेत : खालच्या ओळीत चार बारीक, त्यांच्या वर दोन मोठे समोर पाहणारे आणि त्याहून मागे डोक्याच्या दोन बाजूंना आणखी दोन, अशी मांडणी लांडगा कोळ्यांच्या कुळात असते. जातीचे नाव मात्र मी नोंदवहीत लिहीत नाही; त्यासाठी जननांगाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते, आणि केवळ छायाचित्रावरून जात ठरवण्याचा आग्रह आपण सर्वांनीच सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रीची पाहणी विजेरी कपाळाला बांधून करते. या कोळ्यांच्या काही डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो आणि परतलेला उजेड आला त्याच दिशेने जातो, म्हणून विजेरी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असेल तरच ती हिरवट चमक दिसते. हातातली विजेरी कमरेपाशी धरली तर तोच कोळी समोर असूनही दिसत नाही. पावसाचे थेंबही चमकतात, परंतु आपण मान जराशी हलवली की थेंबाची चमक तुटते आणि रंग बदलते, कोळ्याची स्थिर राहते. आर्द्रा नक्षत्रात पाऊस थोडा उघडला तेव्हा गोठ्याच्या बाजूला अशा ठिणग्या जागोजाग दिसल्या.

यंदाची सर्वांत समाधानाची नोंद जांभ्या दगडाच्या गडग्याखालील बिळातल्या मादीची आहे. तिची पिशवी आरंभी पांढरीशुभ्र, वाटाण्याएवढी होती. पुढे ती मळकट, राखाडी होत गेली. ऊन पडले की मादी बिळाच्या तोंडाशी येऊन डोके आत आणि पोटाचा भाग बाहेर ठेवी व पिशवीला ऊन देई. ढग आला की आत जाई. पिशवीच्या मध्यावरून एक फिकट शिवण फिरलेली असते. अंड्यांतून निघालेली पिल्ले आतच एकदा कात टाकतात आणि त्यानंतर आई जबड्यांनी ती शिवण सैल करते. या मदतीवाचून पिल्लांना बहुधा बाहेर पडता येत नाही. शिवण सुटल्यावर पहिली पिल्ले आईच्या मागच्या पायांवरून वर सरकली, मागून येणारी त्यांच्या अंगावर चढली आणि थोड्याच वेळात पोटाचा मूळ रंगच दिसेनासा झाला. मादीच्या पोटाच्या पाठीकडील बाजूवर टोकाशी गाठ असलेले विशेष केस असतात, पिल्ले त्यांनाच धरून राहतात. दोन-तीन पिल्ले पुढे डोक्यावर आली तेव्हा तिने पुढच्या पायाने डोळ्यांवरून ती बाजूला सारली. हे मी इतक्या जवळून प्रथमच पाहिले.

पाठीवर असताना पिल्ले आईने पकडलेले भक्ष्य खात नाहीत. अंगातील शिल्लक बलकावर त्यांचे निभावते. तो संपत आला की ती एकेक करून उतरतात, उंच पात्याच्या टोकाशी जाऊन धागा वाऱ्यावर सोडतात आणि पांगतात. आमच्या मादीची पाठ अशीच हळूहळू रिकामी झाली. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस लागल्याने तेवढ्या नोंदी तुटक आहेत.

घरात आलेल्या मादीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. तिला झाडू मारला की पिल्ले एकाच वेळी चहूकडे पळतात आणि घरातील माणसे अधिकच घाबरतात. वहिनींनी मोरीपाशी झाडू उचलला होता, तेव्हा आजी म्हणाली, "पोरं पाठीवर घेतलीत की गं तिनं, ठेव तो झाडू." मी रुंद तोंडाचा पेला तिच्यावर अलगद ठेवते, काठ तिच्या पायांवर येणार नाही हे पाहते आणि खालून जाड पुठ्ठा अगदी सावकाश सरकवते. परसात, आडोशाच्या जागी पेला आडवा ठेवून ती आपणहून निघेपर्यंत थांबावे. पेला झटकू नये. वाटेत पिल्ले सांडलीच तर पुठ्ठा तिच्याजवळच ठेवावा, आईचा पाय लागला की ती पुन्हा वर चढतात. हा कोळी आपण होऊन माणसाच्या अंगावर येत नाही. हातात दाबला गेला तरच चावतो आणि सामान्यतः थोडी वेदना व सूज येऊन जाते.

भातशेताचाही उल्लेख करते, कारण घरात येणाऱ्या माद्यांपैकी काही तिकडूनच येत असाव्यात. पार्डोसा प्रजातीतले लहान लांडगा कोळी खाचरातील पाण्यावरून सहज धावतात आणि भाताच्या बुंध्याशी राहणारे तपकिरी तुडतुडे खातात. सरसकट कीटकनाशक फवारले की आधी कोळी मरतात आणि नंतर तुडतुडे अधिक जोमाने वाढतात. भात पिकवणाऱ्या अनेक देशांत हा अनुभव आलेला आहे. बांधावरच्या गवतात सकाळी दवाने उठून दिसणारी, एका टोकाला नळीसारखे छिद्र असलेली आडवी जाळी हिप्पासा प्रजातीची. लांडगा कोळ्यांच्याच कुळातील ही प्रजाती जाळे विणून शिकार करते, म्हणून जाळे दिसले की "हा लांडगा कोळी नव्हे" असे घाईने लिहू नये.

आमच्याकडे जांभी जमीन आणि मोठा पाऊस आहे, तर जिल्ह्यातल्याच बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी जमीन आणि पाऊस बेताचा. तिकडच्या मंडळींनी पिशवी प्रथम कोणत्या महिन्यात दिसली, मादी बिळात होती की जमिनीच्या भेगेत, आणि पिल्ले पाठीवर किती दिवस राहिली, एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. उत्तरा नक्षत्राच्या पावसात मी परसातील त्याच जागा पुन्हा पाहणार आहे. माझ्या तेव्हाच्या नोंदींशी तिकडच्या नोंदी ताडून पाहता येतील.