गणिताच्या बाई आणि बीबीसी मायक्रो

स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले तेव्हा कोणावर लिहायचे हा प्रश्नच पडला नाही. गणिताच्या बाई! आमच्या तुकडीतल्या कुणालाही विचारा, नाव घ्यावे लागणार नाही.

सरकारच्या ‘क्लास’ योजनेत १९८४-८५ साली देशभरातल्या २५० शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले, त्यात आपली शाळा होती. मी तेव्हा सातवीत. यंत्राला हात लावायला मिळाला तो आठवीत, आणि तोवर वर्गात नाही नाही ते पसरले होते. चुकीचे बटण दाबले की यंत्र कायमचे जाते. चपला घालून गेले तर आतला मेंदू बिघडतो. माझ्या बाकावरच्या मित्राचे वडील रोज रात्री बीबीसी हिंदी ऐकत. त्याने तर शपथेवर सांगितले की आत रेडिओ आहे.

बाई हसल्या नाहीत. प्रयोगशाळेतून स्क्रू ड्रायव्हर आणला, प्लग काढला आणि ‘फिक्स’ असे लिहिलेले चार स्क्रू सोडवून झाकण उचलले. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. आत काळ्या चिपांच्या रांगा आणि एक छोटा स्पीकर. मित्र ओरडला, “बाई, हा बघा रेडिओ!” “स्पीकर आहे खरा,” बाई म्हणाल्या, “पण स्टेशन लावायचं कुठे?” मग त्यांनी ६५०२ प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा खरा मेंदू दाखवला. यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे. कॉम्प्युटर शिकवण्याच्या कार्यक्रमांसाठी बीबीसीने ते निवडले आणि आपले नाव दिले, एवढाच काय तो संबंध. ते घरच्या टीव्हीला जोडून वापरण्यासाठी बनवलेले, त्यामुळे चपलांचा बाऊ नको. आणि प्रोग्राम लिहायची बेसिक भाषा रॉम नावाच्या न पुसणाऱ्या स्मृतीत पक्की बसलेली, आपण लिहितो ते रॅम नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत. “काहीही दाबा. बंद करून चालू केलं की पाटी कोरी!” त्या वाक्याने आमची भीती गेली ती गेलीच.

झाकण बसवून त्यांनी टाइप केले: साउंड १, -१५, ५३, २०. एक सेकंदभर सूर वाजला. पेटीची पांढरी एक! ५३ हा सूर, २० म्हणजे एक सेकंद. उरलेली सरगम मला करायला सांगितली. मी आठ-आठ वाढवत गेलो: ५३, ६१, ६९, ७७. चौथा सूर वाजताच बाईंनी मान हलवली. “हा म तीव्र लागतोय.”

मला काही कळेना, कारण हिशेब तर बरोबर होता. बाई मला संगीताच्या खोलीत घेऊन गेल्या, पेटी उघडली आणि पट्ट्या मोजायला लावल्या. सा आणि रे यांच्या मध्ये काळी पट्टी आहे, रे आणि ग यांच्या मध्येही आहे. ग आणि म यांच्या मध्ये मात्र नाही. यंत्रात एका पट्टीला चार आकडे. म्हणून ग नंतर आठ नव्हे, चारच! ७३, ८१, ८९, ९७, आणि पुन्हा चार, वरचा सा १०१. आकड्यांवर मी इतका कधी खूश झालो नव्हतो. त्या आठवड्यात वीज गेल्याने सरगम तीनदा पुसली गेली, म्हणून बाईंनी आधी वहीत लिहायची सवय लावली.

आज मी पुण्यात मोबाइलच्या चिपा तपासण्याचे काम करतो. त्या चिपांमधला एआरएम प्रोसेसर एकॉर्नमध्येच जन्मला. एकॉर्नमधल्या अभियंत्या सोफी विल्सन यांनी त्याचा आराखडा आधी बीबीसी बेसिकमध्ये चालवून पाहिला होता, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप चालली तीही बीबीसी मायक्रोला जोडून. म्हणजे आम्ही आठवीत जायच्या आधीच! हे मला नोकरीत कळले, तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. त्यांना सांगायचे राहून गेले.

गेल्या वर्षी शाळेत आलो. कॉम्प्युटर कक्ष सुंदर झाला आहे, पण यंत्रांच्या स्क्रूंवर ‘उघडू नये’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या पाहून जीव तुटला. एक जुने यंत्र मुलांसमोर उघडायला ठेवा, त्याचा खर्च मी देईन.

वहीचे ते पान सोबत पाठवत आहे. माझ्या ७७ वर बाईंनी लाल शाईने काट मारून ७३ केले आहे आणि शेजारी लिहिले आहे, ‘पेटीवर वाजवून पाहा.’