तिसरं पाकीट

बाबांच्या लाचेच्या केसमधला सापळा, अटक, साक्षी यांच्यावर मी लिहीत बसणार नाही. मला लिहायचंय एका पाकिटाबद्दल. त्याच्यापायी चौदा महिने पायपीट झाली आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बाबांना चार वर्षं सक्तमजुरी लागली. शिक्षा तीन वर्षांच्या वर, त्यामुळे खालच्या कोर्टातून सुटका नाही. हायकोर्टाची स्थगिती येईपर्यंत बाबा एकवीस दिवस आत. नोकरी गेलीच. अपिलासाठी नकला काढल्या तेव्हा मी पहिल्यांदा अख्खी केस पानापानाने वाचली. (वकिलांनी वाचली असेल असं मी चार वर्षं धरून चालले होते. तुम्ही चालू नका.) पंचनामे, जबाब, पुन्हा पंचनामे, आणि मध्येच अर्ध्या पानाचं एक पत्र. प्रयोगशाळेकडे आवाज तपासायला पाठवतानाचं. तळाशी लिहिलेलं, ‘सोबत : सीलबंद पाकिटे ३’. आरोपपत्रात होती दोन. एकात लाचेच्या मागणीची पडताळणी करताना केलेल्या रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड, दुसऱ्यात बाबांच्या आवाजाचा नमुना.

“तो तक्रारदार दोनदा आला होता,” बाबा म्हणाले. “पहिल्यांदा मी त्याला चलन भरायला सांगून परत पाठवलं.” हे त्यांनी कोर्टातल्या जबाबातही सांगितलं होतं. रेकॉर्डवर मात्र एकच भेट होती, दुसरी. तीतला आवाज इतका अस्पष्ट की कोण काय म्हणालं ते पंचांच्या सांगण्यावरून ठरलं. पावडर लावलेल्या नोटा फाइलमध्ये ठेवलेल्या होत्या, बाबांनी फाइल उघडली, बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवल्यावर पाणी गुलाबी झालं. त्या गुलाबी पाण्याने नोटेला हात लागला एवढंच कळतं. पैसे मागितले होते का, हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही मागणी सिद्ध होणं अत्यावश्यकच ठरवलं. म्हणजे पहिली भेट त्या तिसऱ्या पाकिटात असेल, तर आमची सगळी केस त्यातच होती.

आता पाकीट शोधायचं. कोर्टाच्या नाझर विभागात, जिथे जप्त वस्तू जमा होतात तिथे, सांगितलं, आमच्याकडे दोनच जमा आहेत, तपासवाल्यांना विचारा. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली, त्यांच्या जागी आलेले म्हणाले, सगळं कोर्टात जमा केलंय. प्रयोगशाळेने तिन्ही परत दिल्याची पोच दाखवली, निदान त्यांनी तरी. सरकारी वकिलांनी हात वर केले, “माझ्या फाइलमध्ये जे नाही ते मी कुठून देऊ?” मी गप्प बसले. नंतर घरी येऊन खूप बोलले, पण ते भिंतींनाच.

नक्कल विभागातून माझा अर्ज तीनदा परत आला. तिन्ही वेळा लाल शाईत तोच शेरा, ‘निशाणी क्रमांक नमूद नाही, सबब परत’. जी वस्तू कोर्टासमोर आलीच नाही तिला निशाणी, म्हणजे कोर्टाने पुराव्याला दिलेला क्रमांक, कुठली? आणि निशाणी नाही म्हणून नक्कल नाही. तिसऱ्यांदा मी खिडकीवर जवळजवळ ओरडलेच. आतला कारकून शांतपणे म्हणाला, “ताई, वस्तूची नक्कल मागू नका. मुद्देमाल नोंदवहीतल्या नोंदीची मागा.” आठ दिवसांत मिळाली. दोनच पाकिटं जमा, तारखेसकट. आता तपासवाल्यांचं ‘सगळं जमा केलंय’ खोटं होतं हे कागदावर आलं.

मग तपासवाल्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, ते आधी मोजा. उत्तर आलं, कलम ८(१)(ज), तपासाला बाधा येईल. तपास संपून शिक्षा झालेल्या केसमध्ये! तीस दिवसांच्या आत पहिलं अपील केलं. नुसतं कलम लिहून भागत नाही, बाधा कशी येते ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलंय. ते जोडलं. हातात आलं त्यांच्याच मालखान्याच्या, म्हणजे जप्त वस्तू ठेवायच्या खोलीच्या, वहीचं एक पान. तिसरं पाकीट त्यांच्या कपाटात होतं. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द, ‘आवश्यकता नाही’.

कुणाला आवश्यकता नाही?

नवे वकील त्या दिवशी हसले, मग सांगू लागले. अमेरिकेत आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकारने द्यायलाच हवा, हे १९६३ पासून ठरलेलं आहे. तरी २००८ मध्ये अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स दोषी ठरले, आठ दिवसांनी निवडणूक झाली तीही हरले, आणि सरकारी वकिलांनी मुख्य साक्षीदाराच्या मुलाखतीच्या नोंदी दडवल्याचं पुढच्या वर्षी बाहेर आल्यावर ती केस रद्द झाली. मला त्याने काही दिलासा मिळाला नाही.

एक राहिलंच. आरोपपत्र हातात पडेल त्याच दिवशी, सरकार पक्ष वापरणार नाही अशा कागदांची आणि वस्तूंची यादी लेखी मागा. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही यादी द्यायला सांगितलंय. आमचा निकाल त्याच्या दोन महिने आधी लागला, काय बोलणार. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २३० खाली आरोपपत्राच्या प्रती आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांत मिळायला हव्यात. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याकडून ‘नाही’ लेखी घ्या. तोंडी ‘नाही’मध्ये माझे पहिले पाच महिने गेले.

हायकोर्टात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ खाली जादा पुराव्याचा अर्ज केला, तो मंजूर झाला. कार्ड मागवलं गेलं, लाखेचं सील फोडलं, लॅपटॉपला लावलं. आधी पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बाबांचा तो नेहमीचा खोकला आणि जरा वैतागूनच, “अहो, मला कसले देताय? खाली खिडकीवर चलन भरा, पावती घ्या, काम होतंय तुमचं.”

बाबा माझ्या शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, “तेव्हा आवाज चांगला होता ना माझा?”