७८ व्या फेरीला थांबायचं

परवा ताईकडे गेले तर भाचा जुन्या सूटकेसचं नंबर लॉक घेऊन बसलेला, चार आकडी, नंबर कुणालाच आठवत नव्हता, ०००० पासून एकेक लावत चाललेला. मला बघून म्हणाला, मावशी, क्वांटम कॉम्प्युटर सगळे नंबर एकदम ट्राय करतो ना, मग हे झटक्यात उघडेल की.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहूनच टाकते.

१४ क्युबिटमध्ये (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा, एकाच वेळी ० आणि १ दोन्ही असू शकणारा) १०,००० नंबर एकत्र ठेवता येतात, हे खरंय. पण मोजायला, म्हणजे उत्तर वाचायला गेलं की त्यातला एकच हाती लागतो, तोही कुठलाही, म्हणजे डोळे मिटून एक नंबर लावल्यासारखंच झालं. १९९६ मध्ये बेल लॅब्समधल्या लव ग्रोव्हरने (दिल्ली आयआयटीत शिकलेला माणूस) यावर उपाय काढला. प्रत्येक फेरीत बरोबर उत्तराचा जोर, म्हणजे तेच हाती लागायची शक्यता, थोडी वाढवायची, बाकीच्यांची थोडी कमी करायची. १०,००० नंबर असतील तर साधारण ७८ फेऱ्यांनी बरोबर नंबर जवळजवळ नक्की मिळतो. आपण एकेक लावत बसलो तर सरासरी ५,००० वेळा लावायला लागतात.

पण ७८ ला थांबायचं. दूध वर आलं की लगेच गॅस बंद करतो ना तसं, फक्त इथे मध्ये डोकावून बघायची सोय नाही, बघितलं की मोजणी झाली आणि परत पहिल्यापासून. आणि चालूच ठेवलं तर बरोबर उत्तराचा जोर उतरायला लागतो, १५७ व्या फेरीला तो जवळपास शून्यावर येतो!

मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. ग्रोव्हरच्या फेऱ्या नंबरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबात वाढतात (१०,००० चं वर्गमूळ १००), आणि या हिशेबाच्या खाली जाताच येत नाही हे बेनेट, बर्नस्टाईन, ब्रासार्ड आणि उमेश वझिरानी यांनी सिद्ध केलंय, आणि तेही ग्रोव्हरची पद्धत यायच्या आधी. म्हणजे भिंत आधी सापडली आणि तिथपर्यंत जाणारा रस्ता नंतर. गणितज्ञ पीटर शोरच्या १९९४ च्या क्वांटम पद्धतीत मोठ्या संख्यांचे अवयव भराभर पडतात कारण तिथे आकड्यांमध्ये ठराविक अंतराने परत येणारा एक पॅटर्न असतो, तो पकडता येतो. कुलपाच्या नंबरात पकडायला काहीच नसतं. शंभर मशीन जोडली तरी शंभरपट नाही, दहापटच वेग मिळतो.

हे झालं वेगाचं, क्वांटम कॉम्प्युटर चालवताना लागणारी ऊर्जा आणि उष्णता यांचं वेगळंच. १९६१ मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअरने दाखवलं की माहितीचा एक बिट (एक ० किंवा १) पुसायला कमीत कमी अमुक एवढी ऊर्जा जातेच, खोलीच्या तापमानाला साधारण ३ भागिले १ वर २१ शून्यं इतके ज्यूल. क्वांटमच्या पायऱ्या उलट फिरवता येतात, म्हणून कागदावर त्यांना हा खर्च लागत नाही. पण प्रत्यक्षात क्युबिट सतत चुकतात, चुका पकडायला मदतनीस क्युबिट लागतात आणि ते पुन्हापुन्हा पुसून कोरे करावे लागतात, मग खर्च आलाच. सुपरकंडक्टिंग चिप (खूप थंडीत विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या धातूंची) तर शून्य केल्व्हिनच्या, म्हणजे शक्य त्या सगळ्यात कमी तापमानाच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास थंड ठेवायची असते, तिथे आलेली एवढीशी उष्णता बाहेर काढायलासुद्धा वर खूप जास्त वीज लागते.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, मग ७८ च्या आधीच थांबलं तर? प्रश्न एकदम बरोबर होता, आम्ही कागद घेऊन बसलो. ४० ला थांबलं तर जमायचा चान्स ५२ टक्के. ५८ ला थांबलं तर ८५ टक्के, नाही जमलं तर पहिल्यापासून, आणि सगळा हिशेब केला तर सरासरी ६९ च्या आसपास फेऱ्या पडतात. त्याने अजून बरेच आकडे घालून बघितले, ६९ च्या फारसं खाली काही जाईना.