पोच घेतलीस का?

सप्टेंबर २०२१. शुक्रवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या पटेल ब्रदर्स या किराणा दुकानात मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते आणि नव्या लॉ फर्मची नोकरी जुळवून देणाऱ्या रिक्रूटरचा फोन आला. आधी अभिनंदन, मग नाटकातल्यासारखा छोटा पॉज, आणि मग, "सायनिंग बोनस पन्नास हजार डॉलर!" म्हणजे नोकरी धरताना एकदाच मिळणारे पैसे. मी इतक्या जोरात "काय?" म्हणाले की शेजारी कोथिंबीर निवडणाऱ्या काकूंनी वळून बघितलं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, हो, आणि एक छोटीशी गोष्ट. फर्म तुला क्लास ऑफ २०१८ मध्ये घेईल. मी होते क्लास ऑफ २०१७, म्हणजे २०१७ मध्ये लागलेल्यांच्या तुकडीतली. "तू प्रॅक्टिस बदलते आहेस ना, कर्जाच्या कामावरून गुंतवणूक फंडांच्या कामावर, म्हणून. सगळीकडे असंच करतात."

मागच्या महिन्यात आयएलएस लॉ कॉलेजच्या दोन ज्युनियर मुलींनी पाठोपाठ मेसेज करून विचारलं, ताई, सायनिंग बोनस किती मागायचा? दोघींना तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

न्यूयॉर्कच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये असोसिएटने, म्हणजे पगारी वकिलाने, पगारावर घासाघीस करायची नसते. पगार छापील असतो, रेशन दुकानातल्या दरफलकासारखा. एक फर्म दर काढते, बाकीच्या मागोमाग तोच लावतात. याला क्रॅव्हाथ या फर्मच्या नावावरून क्रॅव्हाथ स्केल म्हणतात, जरी हल्ली पहिला दगड बहुतेक वेळा मिलबँक ही फर्म मारते. मी २०१७ मध्ये लागले तेव्हा पहिल्या वर्षाला १ लाख ८० हजार डॉलर होते. जून २०१८ मध्ये १ लाख ९० हजार झाले. जून २०२१ मध्ये मिलबँकने २ लाख केले आणि लगोलग डेव्हिस पोल्कने त्यावर आणखी अडीच हजार चढवले. तुम्ही किती हुशार, किती रात्री जागलात, याचा मूळ पगाराशी संबंध नाही. संबंध फक्त क्लास इयरशी. मी त्याला इयत्ता म्हणते. तेव्हा तिसरीला (क्लास ऑफ २०१८) २ लाख ४० हजार होते, चौथीला (क्लास ऑफ २०१७) २ लाख ७५ हजार, पाचवीला ३ लाख ५ हजार. वर्षअखेरीचा बोनसही इयत्तेप्रमाणेच.

ट्रेनमध्ये बसल्यावर मी पटेलच्या पावतीच्या मागे आकडे मांडले. चौथीऐवजी तिसरीत बसले तर पगारात ३५ हजार कमी. आदल्या वर्षीच्या दराने बोनस ६५ हजारांऐवजी ५० हजार, म्हणजे आणखी १५ कमी. झाले ५० हजार. पुढच्या वर्षी, मी चौथीत आणि माझ्या बरोबरीचे पाचवीत, तेव्हा पगार आणि बोनस मिळून ४५ हजारांचा फरक. आणि हे असंच, फर्ममध्ये असेपर्यंत. थोडक्यात, मला एक वर्ष नापास करून हातावर पेढा ठेवला होता, आणि पेढ्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षाच्या नुकसानात संपत होती.

मी दिवसभर कर्जाचे करार लिहायचे, दुसऱ्यांच्या व्याजाचे अर्धे पॉइंट मोजायचे. स्वतःचं गणित मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मांडलं.

याचं कारण जुनं आहे. २०१३ मध्ये बीएसएल एलएलबी झाल्यावर शिवाजीनगर कोर्टात एका सरांकडे वर्षभर ज्युनियर होते. सर महिन्याच्या पाच-सात तारखेला, आठवण झाली तर, पाकिटात चार हजार द्यायचे. दिवाळीला पाच. विचारायची पद्धतच नव्हती. (२०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस, बरं का.) मग मुंबईत एका फर्ममध्ये मुलाखत दिली तर एचआरने शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या. पाकिटाला कसली स्लिप? त्यांनी माझा पगार त्या चार हजारांवरून ठरवला आणि मी वर "थँक यू" म्हणाले.

न्यूयॉर्क शहरात ही भानगड नाही. ऑक्टोबर २०१७ पासून इथे उमेदवाराला जुना पगार विचारणंच बेकायदा आहे. पण सवय आपल्या अंगात असते, कायद्यात नाही. एलएलएमनंतर पहिली ऑफर आली तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही. मुंबईतली दोन वर्षं धरून एक इयत्ता वर द्या, असं म्हणता आलं असतं. परदेशातून आलेल्या काहींना असं क्रेडिट मिळतंही. पण ते मला कळलं तिसऱ्या वर्षी, कॉफी मशीनपाशी, एका ब्राझिलियन सहकाऱ्याकडून.

त्याहून मोठी चूक ग्रीन कार्डची. पहिल्या फर्ममधल्या पार्टनरने जेवताना सांगितलं होतं, एक वर्ष काढ, मग आपण सुरू करू. २०१९ मध्ये मी विचारायला गेले तोवर ते साहेब दुसऱ्या फर्ममध्ये गेले होते, आणि एचआर म्हणालं की धोरण तीन वर्षांनंतरचं आहे. तीन वर्षं झाली तेव्हा कोविड होता आणि सगळंच थांबलेलं होतं. कुठेही कागद नाही.

रविवारी सांगलीला फोन लावला. बाबांनी एकतीस वर्षं कोर्टात बेलीफ म्हणून काढली. समन्स बजावणं, पंच गोळा करणं, दार बंद असेल तर दाराला नोटीस डकवणं. मी पन्नास हजारांचं सांगितलं, मग इयत्तेचं. पन्नास हजार डॉलरचे रुपये किती होतात हे त्यांनी विचारलंच नाही.

"ग्रीन कार्डाचं काय म्हणालेत?"

"करू म्हणालेत, बाबा."

"कोण म्हणालं?"

"रिक्रूटर म्हणाली, की ते करतात."

"म्हणजे त्यांच्या वतीनं हिनं तोंडी सांगितलं. पोच घेतलीस का?"

नव्हती घेतली.

रिक्रूटरबद्दल एक सांगते. ती वाईट नव्हती. पण तिला फर्म पैसे देते, साधारण तुमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत. माझी इयत्ता वर गेली तर तिचेही थोडे वाढतात, पण सौदा मोडला तर तिला शून्य. त्यामुळे ती माझ्या मागण्या फर्मपर्यंत न्यायची खरी, पण वाटेत त्यांची धार घालवून. "ते नाराज होतील" हे वाक्य मी तिच्याकडून चार वेळा ऐकलं. शेवटी मी म्हटलं, मला पार्टनरशी थेट बोलायचंय. वीस मिनिटं मिळाली.

मी चार गोष्टी कागदावर लिहून समोर ठेवल्या होत्या आणि आवाज कापू नये म्हणून उभं राहून बोलले. इयत्ता २०१७ चीच ठेवा. बदल्यात सायनिंग बोनस कमी करा, हवं तर काढून टाका. १ नोव्हेंबरला रुजू झाले तर जुन्या फर्मचा वर्षअखेरीचा बोनस बुडतो, तो तुम्ही पूर्ण वर्षाचा द्या, दोन महिन्यांचा नको. आणि रुजू झाल्यापासून नव्वद दिवसांत पर्मची, म्हणजे ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्याची, प्रक्रिया सुरू करू असं ऑफर लेटरमध्ये लिहा.

पार्टनर बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "२०१७ ठेवलं तर तुझी तुलना २०१७ च्या माणसांशी होईल, हे कळतंय ना? फंड्सचं काम तू केलेलं नाहीस." मी म्हटलं, कळतंय.

खरं सांगायचं तर पूर्ण कळलेलं नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत एका कॉलवर क्लायंटने विचारलं की अमुक गुंतवणूकदाराच्या साइड लेटरमधली, म्हणजे त्याच्याशी केलेल्या वेगळ्या करारातली, सवलत मोस्ट फेव्हर्ड नेशन कलमाखाली आणखी कोणाकोणाला द्यावी लागेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कागदावर मी तिथली सीनियर होते. दोन इयत्ता खालच्या एका मुलाने मला चॅटवर उत्तर पाठवलं आणि मी ते वाचून दाखवलं. त्यानंतरचे चार महिने शनिवार-रविवार जुनी साइड लेटरं वाचण्यात गेले. म्हणून इयत्ता खाली घेणं हा दर वेळी अपमानच असतो असं मी ज्युनियर मुलींना सांगत नाही. नवीन विषय शिकायला कुणाला ते मोकळं वर्ष हवं असेल, तर जरूर घ्यावं. फक्त त्या वर्षाची किंमत किती, ते पावतीच्या मागे मांडून बघावं.

चार दिवसांनी उत्तर आलं. इयत्ता २०१७. सायनिंग बोनस पन्नासवरून पंचवीस. २०२१ चा वर्षअखेरीचा बोनस पूर्ण. पर्म नव्वद दिवसांत, लेखी. त्या वर्षी बाजार तापलेला होता, फर्मकडे कामं होती आणि माणसं नव्हती, हेही खरं. थंड वर्षात हेच मागितलं असतं तर बहुधा अर्धंच पदरात पडलं असतं.

मग मी ऑफर लेटर क्लायंटच्या करारासारखं लाल पेन घेऊन वाचलं. सायनिंग बोनसच्या परिच्छेदात लिहिलं होतं की बारा महिन्यांच्या आत "कोणत्याही कारणाने" नोकरी संपली तर सगळी रक्कम परत. कोणत्याही कारणाने, म्हणजे त्यांनीच मला काढलं तरी. शिवाय परत करायची ती करापूर्वीची रक्कम. मी "कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा दिल्यास" असं सुचवलं आणि रक्कम महिन्यागणिक बाराव्या हिश्श्याने कमी होत जावी अशी मागणी केली. दोन्ही मान्य झालं. करानंतरची रक्कमच परत घ्या, हे मात्र त्यांनी ऐकलं नाही.

हा फरक किती, ते पहिल्या पे-स्लिपवर दिसलं. पंचवीस हजारांतून फेडरल २२ टक्के गेले, ५,५००. न्यूयॉर्क राज्याचे ११.७ टक्के, २,९२५. शहराचे सव्वाचार टक्के, १,०६२. मेडिकेअरचे ३६२. आणि सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनसाठीच्या कराचे, १,५५०. त्या वर्षाची सोशल सिक्युरिटीची मर्यादा मी जुन्या फर्ममध्ये केव्हाच ओलांडली होती, पण नव्या मालकाच्या लेखी तुमचं मीटर पुन्हा शून्यापासून चालू होतं. जादा कापलेले पैसे रिटर्न भरताना वजा मिळतात, तोवर वाट बघायची. खात्यात आले साधारण १३,६००. मी तिसऱ्या महिन्यात सोडून गेले असते तर हातात आलेल्यापेक्षा जास्त परत द्यावे लागले असते आणि कराचा उरलेला हिशोब सरकारशी घालत बसावं लागलं असतं. ओळखीतल्या एकीने सायनिंग बोनस आला त्याच आठवड्यात एलएलएमच्या कर्जात भरून टाकला आणि दहाव्या महिन्यात तिला भारतात परतावं लागलं. पुढचं काय सांगू.

(या पैशांच्या जगात सगळ्यात चक्रावणारा आकडा वेगळाच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षभर क्लार्कशिप केलेल्यांना मोठ्या फर्म चार-पाच लाख डॉलर सायनिंग बोनस देतात. ज्या न्यायमूर्तींच्या हाताखाली ते काम करतात, त्यांच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त.)

राजीनामा मी लगेच दिला नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नव्या फर्मने अर्ज दाखल केला की त्यांच्याकडे काम सुरू करता येतं, पण अर्ज दाखल झाल्याचा पुरावा म्हणजे इमिग्रेशन खात्याची रिसीट नोटीस. फॉर्म आय-७९७सी. ती ईमेलवर आली त्या रात्री बाबांना सांगितलं.

"म्हणजे पोचच की," ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या कामातली ही पहिली गोष्ट असेल जी त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

पर्मचा अर्ज २०२२ च्या शेवटी गेला. ती तारीख म्हणजे भारतीयांच्या रांगेतला माझा नंबर, आणि त्या रांगेत माझ्यापुढे किमान दहा वर्षांची माणसं उभी आहेत. २०१९ मध्येच सुरू झालं असतं तर तीन वर्षं पुढे असते. ती तीन वर्षं कुठल्याही सायनिंग बोनसने परत मिळत नाहीत, म्हणून दोन्ही मुलींना मी पैशांच्या आधी हेच विचारलं, की नव्वद दिवसांचं वाक्य पत्रात आहे का? एकीच्या पत्रात नाही. ती या आठवड्यात बोलणार आहे.

पुढचा टप्पा, आय-१४०, मंजूर झाला तेव्हा कागदाचा फोटो बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या टिका लगेच दिसल्या, उत्तर मात्र दहा मिनिटांनी आलं. फोटो मोठा करून खालपासून वरपर्यंत वाचला असणार.

"सगळं ठीक आहे. पण गोल शिक्का कुठाय?"